सरकारी गहू आणि रामकुंवरबाईंचा गेंदा

सरकारी गहू पिवळा पडला होता. खालच्या अंगाला रामकुंवरबाईंचा गेंदा, म्हणजे झेंडू, मात्र गुडघ्याच्या वर माजला होता. भोपाळहून मोठे साहेब यायला तीन आठवडे उरले होते.

"करंदीकर, खत टाकलंत की घरी नेलंत?" आमच्या ऑफिसचे प्रमुख भालेरावसाहेब यांनी विचारलं.

मी उज्जैनच्या शेतीखात्यात माती तपासणारा असिस्टंट होतो, तोही टेम्पररी. मध्यभारत नुकताच नव्या मध्यप्रदेशात विरघळला होता. कोण राहणार, कोण घरी जाणार, याच्या याद्या भोपाळला बनत होत्या. घरी बायको आणि दोन लेकरं. मला फार भीती वाटत होती.

खत मी ऑर्डरप्रमाणेच टाकलं होतं, अमोनियम सल्फेट, सगळं एकदम. पण आमचा डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट क्षिप्रेच्या काठच्या रेताड उतारावर, आणि साहेब महादेवाचे मोठे भक्त. देवावर गळती धरतात तसा त्यांनी गव्हावर पंप धरला होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"साहेब, हे लीचिंग आहे," मी म्हणालो. "खतातला नायट्रोजन पाण्यात विरघळतो आणि मुळांच्या खाली निघून जातो. पुढे उताराने बाईंच्या गेंद्याला मिळतो."

"नायट्रोजनला काय पाय आहेत?" साहेब म्हणाले, आणि पंप चालूच राहिला.

सांगून कळेना, तेव्हा मी पटनी बाजारातून मातीची गळती आणली. गळती म्हणजे बुडाला भोक असलेलं मडकं, पिंडीवर टांगतात ते. त्यात प्लॉटचीच माती भरली, मूठभर मीठ मिसळलं आणि ऑफिसच्या व्हरांड्यात टांगलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं. खाली वाटीत थेंब पडू लागले. साहेब आले तशी मी त्या पाण्याची पळी पुढे केली. सवयीने त्यांचा उजवा हात पसरला गेला. डोळे मिटून त्यांनी तीर्थ घेतलं आणि थेट व्हरांड्यातल्या कुंडीत थुंकले.

"अहो, हे खारट आहे!"

"मीठ मी वर मातीत घातलं होतं साहेब. त्याला पाय नव्हते."

साहेब लाल झाले. आता यादीतून नाव जाणार, असं मला वाटलं. पण ते मडक्याकडे बघत म्हणाले, "पंप बंद करा. आणि हे कुणाला सांगू नका."

पाणी बेताचं केलं. खत पुन्हा दिलं, पण थोडं थोडं, हप्त्याने. मोठे साहेब आले तेव्हा गहू हिरवागार होता.

"बहुत खूब! हे कसं जमवलंत?" त्यांनी विचारलं.

"सर, माझाच एक छोटासा प्रयोग," भालेरावसाहेब म्हणाले आणि लीचिंग समजावू लागले, मडक्यासकट. मी मागे पंपाला टेकून उभा होतो. माझं नाव काही त्यांच्या तोंडून येईना.

तेवढ्यात रामकुंवरबाई कुंपण ओलांडून आल्या. राम घाटावर फुलं विकणारी बाई, कुणाला भिणारी नव्हे.

"बड़े साब, मेरी शिकायत लिखो! पहले दिनभर पानी आता था, गेंदा क्या फूलता था! अब सब सूना पड़ गया."

"पानी किसने चलवाया था?"

"इनने," बाईंनी भालेरावसाहेबांकडे बोट केलं. "ये तो देवता आदमी हैं. बंद करवाया उस करंदीकर ने. मटके में नमक डालकर इनको पिला दिया, पूरे दफ्तर को मालूम है. उसका नाम लिखो!"

मोठे साहेब हसू दाबत राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनी खरोखरच नाव लिहून घेतलं.

महिन्याभराने माझी पर्मनंट ऑर्डर आली. बाईंना मी लीचिंग न होता खत कसं द्यायचं ते शिकवलं. त्यांनी मला अजून माफ केलं नव्हतं, पण शिकून घेतलं.

पुढे तीस वर्षं नोकरी केली. कौतुकाचे कागद वर जाता जाता त्यांवरची नावं बदलतात, हे पुष्कळदा पाहिलं. तक्रारीवरचं नाव मात्र कधीच चुकत नाही.