सुई दंडात असताना

दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की त्या वासासरशी मला बोईसरचं ते इस्पितळ आठवतं. विश्वचषकाचा अंतिम सामना संपत आला होता आणि आत माझी बहीण बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती. तिच्या गटाचं रक्त कुठेच मिळत नव्हतं, माझंही जुळत नव्हतं. "तुमीच काय ते करा, ती आता बोलत नाय," उमरोळीचे माझे मेहुणे भिंतीला धरून म्हणाले. मी मागच्या कामगारांच्या खोल्यांकडे धावलो. एका टीव्हीपुढे वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून बसली होती. मी रक्तगट ओरडून सांगितला, हात जोडले, पण कोणी मान वळवली नाही. दुसऱ्यांदा ओरडताना मला रडूच फुटलं. तेव्हा अगदी पुढे बसलेला एक उत्तरेकडचा माणूस उठला. "मेरा वही है, चलिए," म्हणाला आणि अनवाणीच माझ्याबरोबर पळाला. त्याच्या दंडात सुई असताना बाहेर फटाके फुटले. "जीत गए," छताकडे बघत तो हळूच म्हणाला. बहीण वाचली, बाळ नाही वाचलं. त्या सामन्याचा शेवटचा षटकार अजून कधीतरी टीव्हीवर दाखवतात. बहीण तो शेवटपर्यंत बघते आणि मला विचारते, "त्या माणसाला नंतर तरी बघायला मिळाला असेल ना रे?"