दार उघडून घर विकलं

गाव सोडायच्या दिवशी आदिलाबादची बस सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि बाबा अजून कुलपाशीच झटत होते. दक्षिणेच्या बोळातलं ते दार कधी नीट बसलंच नाही, खांद्याने ढकलून मग कडी घालावी लागायची. शेजारचे पुंडलिककाका आपल्या भिंतीला रेलून दात कोरत उभे होते. खत-बियाण्यांचं दुकान त्यांचं, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. मदतीला एक पाऊल पुढे आले नाहीत. बाबांनी किल्ली खिशात टाकली तेव्हा म्हणाले, "भाऊ, इकायचं झालं तं मलेच सांगजा. दुसरं कोनी घेनार नाई हे घर." बाबांनी "हो" म्हटलं, वर हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा राग माझ्या मनातून आजवर गेला नाही.

तुम्ही जे बोथमध्येच राहिलात, आणि माझ्यासारखे जे हैदराबाद-नागपूर-पुण्याला पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. यंदा आम्ही घर विकलं तेव्हा माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. पोरगी शहरात जाऊन लबाड झाली म्हणे. झाली. कशी झाली ते माझ्याच तोंडून ऐका.

आमचं मूळ दार पूर्वेला होतं. गल्ली सरळ चालत यायची आणि आमच्या घराच्या ईशान्य कोपऱ्याशी, म्हणजे दाराशीच संपायची. त्या दाराच्या खोलीत बाबांचं बांगड्यांचं दुकान. लग्नसराईत पोरींच्या आया गल्लीच्या तोंडापासूनच हाका मारत यायच्या, आई त्यांच्यासाठी चहा ठेवायची, आणि बाबा नवरीचा हात असा दाबून मऊ करायचे की घट्ट बांगडीसुद्धा हूं की चूं न करता चढायची. काचेचा तो किणकिणाट आमच्या घराला सवयीचा होता.

मग पुंडलिककाकांनी सुरुवात केली. आपल्याकडे तेलुगू लोक ज्याला वीधी पोटु म्हणतात, म्हणजे रस्ता घराच्या अंगावर येणं, तो दोष आमच्या घराला आहे, असं ते ज्याला-त्याला सांगू लागले. "रस्ता अंगावर येते भाऊ, घर खाते." त्याच वर्षी आई आजारी पडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण गावाला कावळाच दिसला. ज्या घरावर दोष आहे तिथे जाऊन पोरीचा चुडा कोण भरेल? बायका येईनाशा झाल्या.

बाबा घाबरले. घाबरलेला माणूस सल्ला मागायलाही चुकीच्याच दारात जातो. ते गेले पुंडलिककाकांकडे. काकांनीच गवंडी पाठवला, पूर्वेचं दार विटांनी बुजवून घेतलं, बाहेरून गणपतीची टाइल बसवली आणि दक्षिणेच्या बोळात नवं दार पाडायला लावलं. आपल्याच दुकानाचं तोंड बाबांनी स्वतःच्या हाताने बंद केलं. बोळात कोण बांगड्या शोधत येणार? तरी आई गेलीच. दुकान तर तिच्याही आधी गेलं होतं.

माझंही एक आहे, तेही सांगते. किनवटचं एक स्थळ मला बघून गेलं. मुलाला मी पसंत होते, हे त्याच्या आईने आमच्याच स्वयंपाकघरात कबूल केलं होतं. निघताना मंडळी शेजारी पुंडलिककाकांकडे चहाला थांबली. दुसऱ्या दिवशी नकार आला. बाबा म्हणाले, "जाऊ दे पोरी, आपल्या नशिबात नसल." नशीब चहा पाजत बसलं होतं, हे मला कळत होतं.

बाबांना घेऊन हैदराबादला आले ती नोकरीसाठी. मिळाली एका बिल्डरकडे, साइट ऑफिसात, फ्लॅट दाखवण्याची. आधी नुसतं पाणी आणून द्यायचे, मग ब्रोशर, मग सॅम्पल फ्लॅटच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. घर कसं दाखवावं, भाव कसा बोलावा, गिऱ्हाईक कुठे थबकतं आणि कुठे विरघळतं, हे सगळं तिथे शिकले. शिकताना दरवेळी डोळ्यांपुढे आमचं घरच असायचं. लोक सूड घ्यायला कोर्टात जातात, मी सेल्समध्ये गेले.

तिथेच श्रीनिवास भेटला आणि मी तेलुगू घरात सून झाले. अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, वास्तूच्या इतक्या पक्क्या की झाडूसुद्धा दिशा बघून ठेवतात. एकदा भाजी निवडता निवडता मी त्यांना आमच्या बंद दाराची गोष्ट सांगितली. त्यांनी हातातली गोंगुरा खाली ठेवली आणि विचारलं, रस्ता नेमका कुठे लागतो? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अय्यो, ईशान्यम् वीधी पोटु मंचिदे कदा!" ईशान्येचा पोटु चांगला असतो. लोक असं घर शोधत हिंडतात. आणि वर हेही सांगितलं की पूर्वेची शेजारची जागा मिळाली तर माणसाची भरभराट होते, म्हणून ती सहसा कोणी सोडत नाही.

आमचं घर पुंडलिककाकांच्या पूर्वेला.

मी त्या दिवशी जेवले नाही. वास्तूवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण ज्याचा आहे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्याने माझ्या बापाच्या दुकानाला वीट लावली. तेव्हाच ठरवलं की घर विकायचं, आणि असं विकायचं की पुंडलिककाकांना रोज दिसेल.

रजा काढून बोथला गेले. पहिलं काम, पूर्वेची भिंत फोडली. टाइलवरचा गणपती आधी हलक्या हाताने काढून घेतला, त्या बिचाऱ्याचा काय दोष. मग गवंड्याने घण घातला आणि आत जो उजेड शिरला, त्यात बाबांची काचेची कपाटं धुळीखाली तशीच उभी. खोक्यांतून बांगड्याही होत्या. बाबांना विकवल्या नाहीत आणि टाकवल्याही नाहीत.

मग शिकलेलं सगळं वापरलं. भिंतींना पांढरा चुना, रंगीत काही नाही, कारण गिऱ्हाइकाला आपला रंग मनात लावता आला पाहिजे. आमचे फोटो उतरवले. मोरीचा वास घालवला, सगळे नळ वाहते केले, करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल. दाराशी तुळस. घर दाखवायची वेळ फक्त सकाळची, पूर्वेचं ऊन आत असताना. मुलगी दाखवतात तसंच हे, फरक इतकाच की या वेळी पोहे करणारी मी नव्हते, भाव सांगणारी होते.

भावाचं म्हणाल तर लोक इथेच चुकतात. आठवणींचे पैसे लावून बसतात आणि घर बसून राहतं. बसलेल्या घराला नाव पडतं, मग पाडून मागतात. मी गल्लीतला चालू भाव काढला, त्याहून किंचित खाली ठेवला, आणि एका पैशाची घासाघीस नाही असं सांगून टाकलं. दोषाची सूट मागेल त्याला चहासुद्धा नाही. थोडा कमी भाव ठेवला की माणसं जास्त येतात, आणि दुसरा बघून गेला हे कळलं की पहिल्याचा जीव वर-खाली होतो.

माणसं आली. नार्नूरहून बदली होऊन आलेल्या एक शिक्षिका आल्या, पद्मा टीचर. दारातच उभ्या राहून त्यांनी उन्हात हात धरला, तेव्हाच मी ओळखलं की घर यांच्या मनात भरलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "मॅडम, घर आवडलं, पण बाहेर एक पेद्दमनिषी भेटले, वडीलधारे, ते म्हणाले की..." मी पुढचं वाक्य त्यांच्या आधी पूर्ण केलं.

चारच दिवसांत पेद्दमनिषी स्वतः आले. केस पांढरे, सदरा तसाच कडक. "सुनंदे, कोनी घेऊन नाई राह्यलं ना? मी म्हणलंच होतं. घरचीच पोट्टी तू, मी घेतो. पन भाव जरा समजून घेजो, दोषाचं घर हाय."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "काका, तुमी आमचे जवळचे. दोषाचं घर तुमाले देलं तं पाप मलेच लागन. उद्या तुमच्या नातवाले काई झालं तं? मी नाई देत."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तसं काई नाई वो, लोक बोलतेत."

"मंग लोकायलेच सांगा. परवा संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं म्या. सगळी गल्ली येनार. तुमी चौघांत सांगा, दोष नाई म्हणून. मंग पुढं बोलू."

नाक दाबलं की तोंड उघडतं. त्यांना ती पूर्वेची जागा फार हवी होती.

हळदीकुंकवाला वाण म्हणून मी बाबांच्या बांगड्या काढल्या. ज्या बायकांनी आमच्या दाराकडे पाठ फिरवली होती त्या पूर्वेच्या दाराने आत आल्या, त्याच खोलीत हात पुढे करून बसल्या, आणि मी एकेकीचा हात बाबांसारखा दाबून बांगड्या चढवल्या. काहींना भरून आलं. मला आलं नाही, मी मोजकंच गोड बोलले. पद्मा टीचरलाही बोलावलं होतं. बाहेर गल्लीत खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी चहा पीत होती. मी दारात उभी राहून हाक मारली, "काका, सांगता ना?"

पुंडलिककाका उठले. खाकरले. "आता दोष कायचा? ईशान्येचा रस्ता हाय. असं घर नशीबवानाले भेटते. लक्ष्मी सरळ दारातून येते."

आतला किणकिणाट थांबला. कोपऱ्यातून एका म्हातारीने विचारलं, "मंग काऊन बुजवाले लावलं दार, पुंडलिक?"

ते खाली बसले.

पद्मा टीचरने तिथेच माझा हात धरला आणि मी सांगितलेल्या भावाला हो म्हटलं. काका दुसऱ्या दिवशी ओरडत आले, "तू मले शब्द देल्ला होता!"

"पुढं बोलू म्हणलं होतं काका. बोलून राह्यली ना मी."

रजिस्ट्रीत त्यांचं नाव आलंच, पण चौहद्दीत. चार बाजूंना काय आहे ते लिहितात ना, तिथे: पश्चिमेला पुंडलिक यांचं घर. पूर्वेला रस्ता. कारकुनाने वाचून दाखवलं तेव्हा मी त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

इकडे हैदराबादेत निजामपेटच्या फ्लॅटमध्ये बाबा लिफ्टच्या समोरच्या खुर्चीत बसून असतात. इथे दाराबाहेर गल्ली नाही, कॉरिडॉर आहे, आणि येणारा प्रत्येक जण मोबाइलकडे बघत येतो. घर विकून आले त्या संध्याकाळी मला वाटलं, किती आले म्हणून विचारतील. नाही विचारलं. आजही विचारलेलं नाही. चहा झाला की म्हणतात, "काय म्हणला तो पुंडलिक? पुन्ना सांग." मी खाकरण्यापासून सगळं करून दाखवते. 'लक्ष्मी सरळ दारातून येते' इथवर मी आले की ते डोळे मिटतात. माहेर, घर, गाव, ज्याला काय म्हणायचं ते आता माझ्याकडे इतकंच उरलं आहे, एका खोटारड्याच्या तोंडून काढलेलं खरं वाक्य. मला ते पुरतं.

परवा मात्र त्यांनी डोळे उघडून वेगळंच विचारलं.

"आता दार उघडं ठेवतेत ना?"

टीचर रोज सकाळी फोटो पाठवतात, उन्हात तुळस, आणि मागे उघडं दार. दुकानात जाताना पुंडलिककाकांना बोळातून गल्लीत येऊन त्याच्यासमोरूनच जावं लागतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "उघडंच हाय."