बसलेली स्त्री, पेन्सिल

सर वारले त्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी दोन मोठ्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढून आली. मी कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल. सव्वीस वर्षं झाली होती. साहाय्यक निवृत्त झाला, त्याची जागा काही भरली गेली नाही. तेव्हापासून पुस्तकं दाखल करणं, शिक्के मारणं, धूळ झटकणं, कूलरमध्ये पाणी ओतणं, सगळं माझ्याकडे. शहराबाहेरच्या बेसाहून स्कूटरवर उन्हातून येईपर्यंतच अर्धा जीव जायचा, मग हे दोन जिने. त्यामुळे त्या पिशव्या पाहून मला आधी काय वाटलं ते खरंच सांगते. वाटलं, आलं आणखी काम.

"बाबांची स्केचबुकं आहेत," ती म्हणाली. "फ्लॅट विकतोय आम्ही. माझ्याकडे पुण्याला ठेवायला जागा नाही, आणि रद्दीत घालायला मन होत नाही."

सर आमच्याकडे रेखांकन शिकवायचे. त्यांनी परत केलेल्या प्रत्येक पुस्तकावर कुठेतरी कोळशाचा काळा अंगठा उमटलेला असायचा. मी कुरकुर केली की म्हणायचे, "राहू द्या हो, तो माझा शिक्का." निवृत्तीनंतर एकदाच आले होते, वर्तमानपत्र वाचलं आणि गेले. मुलीच्या हातातून पिशव्या घेताना मी त्यांच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. सुचलं नाही. तिलाही गाडी गाठायची होती.

एकोणीस वह्या होत्या. दोन आठवडे त्या माझ्या टेबलाखाली पडून होत्या, पाय लागायचा.

मग प्राचार्यांनी बोलावलं. तपासणी समिती यायची होती आणि तिला ग्रंथालयात 'नवीन दाखल' असा विभाग दाखवावा लागणार होता. त्या वर्षी नवीन म्हणून आमच्याकडे शासनाच्या यादीतून आलेली दोन खोकी होती, त्यात चित्रकलेची पुस्तकं शोधावी लागत. आणि बारकोड वाचायचं एक यंत्र होतं, त्याचं आमच्या संगणकाशी शेवटपर्यंत जमलं नाही.

"सरांच्या वह्या आहेत ना?" प्राचार्य म्हणाले. "त्याच मांडा. त्यातलं एखादं चांगलं रेखाटन निवडू, मोठं फ्लेक्स करून गेटवर लावू."

म्हणून मी नोंदी करायला बसले. नोंदवहीला शीर्षक लागतं, कर्ता लागतो, विषय लागतो. पहिल्या दोन वह्यांत बैल, सायकली, झाडाखाली झोपलेले रिक्षावाले, असलं सगळं होतं. तिसऱ्या वहीपासून एक बाई सुरू झाली. खुर्चीवर बसलेली, जमिनीवर बसलेली, गुडघ्याला मिठी मारून बसलेली, पाठमोरी. मी लिहीत गेले. 'बसलेली स्त्री, पेन्सिल.' 'बसलेली स्त्री, कोळसा.' 'बसलेली स्त्री, पेन्सिल.' पान भरलं, उलटलं, पुन्हा तेच. हात दुखायला लागला तेव्हा थांबले आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती मावशी होती.

मावशी म्हणजे आमची मॉडेल. आठवड्यातून तीन दिवस लकडगंजातून यायची, खालच्या वर्गात लाकडी चौथऱ्यावर नऊवारी नेसून बसायची, आणि मुलं तिचं चित्र काढायची. मी नोकरीला लागले तेव्हाही ती बसत होतीच. नळापाशी भेट व्हायची, "जेवल्या का मॅडम," "हो, तुम्ही?" एवढंच. सव्वीस वर्षांत ती ग्रंथालयात एकदाही आली नव्हती, आणि मीही तिला कधी वर या म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिपायाकरवी निरोप पाठवला. ती धापा टाकत दारात उभी राहिली, चपला बाहेर काढून.

"काही चुकलं का मॅडम?"

"काही नाही मावशी. या, बसा."

"बस म्हणू नका वं माय. बसून बसूनच कंबर गेली माही." मग स्वतःच हसली आणि कूलरसमोरच्या खुर्चीत बसली. मी तिच्यापुढे तिसरी वही उघडून ठेवली.

तिनं पहिलं पान पाहिलं. बोट लावायला गेली, मागे घेतलं, पदराला पुसून पुन्हा लावलं. मग वही डोळ्यांजवळ ओढली. मला वाटलं तिला चष्मा लागत असेल.

"हे मी हाय," ती म्हणाली.

"हो."

"इतली बारीक होती काय मी?"

मी विचारलं, "तुम्ही ही चित्रं कधी पाहिली नाहीत?"

"कधी पाह्यनार? ते काढत, मी समोर. उठून मांगं जावं तं पोरं कागद झाकत. लाजत ना. इतक्या वर्षांत किती लोकायनं माहं तोंड काढलं, एकानंबी मले देल्लं नाई." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. हिशेबही नव्हता. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाली.

मग पानं उलटत गेली तसतशी तिची जीभ सुटली. कोणतं चित्र कधीचं ते तिला पक्कं आठवत होतं. त्यात चित्राचं काही नसायचं, त्या दिवसाचं असायचं. "हे थंडीतलं. सरांनं आपली शाल देल्ली होती. लोकरीची, टोचे मानीले." "हे पोरीच्या टायमाचं, सातवा महिना. पोट लपवून बसली होती, नाई तं काम गेलं असतं. सरांनं बराबर पाह्यलं, पाहा, पोटावर पदर काढला हाय." "हा दिवस पोराले ताप होता. घरी ठेवून आली होती. चेहरा पाहा ना माहा, सारा जीव तिकडं." तिचे वडील उमरेडचे विणकर, घरात माग, लहानपणी ती मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरायची. एका चित्रात तिच्या बोटांची ठेवण विचित्र होती, मला ती सरांची चूक वाटली होती. "चूक नाई," ती म्हणाली. "हात रिकामा राह्यला का बोटं आपोआप तशी होतात. दोरा धरल्यावानी."

मी पेन्सिल घेतली आणि नोंदवहीतल्या प्रत्येक 'बसलेली स्त्री'च्या पुढे समासात लिहायला लागले. थंडी, शाल. सातवा महिना. मुलाला ताप. असं लिहायची पद्धत नाही. समास कोरा ठेवायचा असतो.

आठ-दहा दिवस ती जेवणाच्या सुट्टीत यायची. दोन वह्या व्हायच्या, की तिला खाली वर्गावर जायचं असायचं. ती जाताना खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायची, आणि मी तिच्याकडे पाहून माझ्या गुडघ्याला हात लावायचे. आम्ही दोघी सारख्याच थकलो होतो. फरक एवढाच, की तिच्या थकण्याचं चित्र होतं.

अकराव्या वहीत एक पान आलं आणि ती थांबली.

वर्ग रिकामा आहे. चौथरा दिसतोय, मागे उलटी ठेवलेली स्टुलं. भिंतीला टेकून मावशी झोपलीय. तोंड उघडं, एक हात जमिनीवर पडलेला, डोळे सुजलेले. चित्रातलं मला फारसं कळत नाही, पण हे बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे एवढं कळलं. सरांनी फार थोड्या रेघा मारल्या होत्या, आणि प्रत्येक रेघ लागत होती.

"हे कधी काढलं सरांनं?" तिनं मलाच विचारलं.

मी पानाच्या कोपऱ्यात तारीख शोधली. नव्हती.

"माहे मालक गेले तेव्हाचं हाय," ती म्हणाली. "आरा मशीनवर हमाली करत. लाकूड अंगावर आलं. तेरवी झाली अन् चौदाव्या दिवशी मी कामावर आली. घरी बसून काय करू? क्लास सुटला, सारे गेले. मी तिथंच टेकली. रडली रडली अन् झोप लागली. मले वाटलं कोणी नाई." तिनं पान पालथं घातलं. "मॅडम, मी तेव्हा बसली नव्हती. झोपली होती. बसते तेव्हा मले माहीत राह्यते का कोणी पाहून राह्यलं. हे काहून काढलं त्यायनं?"

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना ते दिसलं आणि हातात पेन्सिल होती, एवढंच झालं असेल. पण हे तिला सांगून काय फायदा?

"हे तेवढं कोणाले दाखवू नका," ती म्हणाली. "बाकी सारं दाखवा."

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला कल्पना नव्हती की त्याच दुपारी प्राचार्य वर येतील. ते वह्या चाळत उभे राहिले आणि नेमके अकराव्या वहीतल्या त्याच पानावर थांबले.

"हे! हेच करू फ्लेक्स."

मी म्हटलं, "सर, त्या बाईंनी नको म्हटलंय."

"कोण बाई?"

"मावशी. खालच्या."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही सकाळपासून फायलींत होते. "मॅडम, चित्र काढणाऱ्याचं असतं. मॉडेलला विचारत बसलो तर एक प्रदर्शन होणार नाही. उद्या सकाळी फ्लेक्सवाला येतोय, त्याला वही द्या."

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. कधीच नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं टिकले. संध्याकाळी कुलूप लावताना मी अकरावी वही पिशवीत घातली आणि स्कूटरच्या डिकीत टाकून घरी नेली. नोंद न करता ग्रंथालयातून मी काही बाहेर नेल्याचं ते पहिलंच. घरी ती गव्हाच्या डब्यावर ठेवली. नवऱ्यानं विचारलं, काय आहे, मी म्हटलं, ऑफिसचं. उघडून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाला आला तेव्हा प्राचार्यांना सांगितलं, "ती वही बायंडिंगला गेली. शिवण सुटली होती."

"एका रात्रीत?"

"हो."

मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, "बरं. दुसरं काय आहे?"

मी थंडीतलं चित्र दिलं, शाल पांघरलेलं. मावशीला आधीच विचारून ठेवलं होतं. आणि एक मागून घेतलं, की चित्राखाली सरांचं नाव येईल तसं तिचंही यावं. त्यावर प्राचार्य चटकन हो म्हणाले, उलट चांगलंच दिसेल म्हणाले. मावशीला नाव विचारलं तर तिनं दोन सांगितली, माहेरचं आणि सासरचं. "दोन्ही लिहा. बाप उमरेडचा म्हणून कोणी वळखलं तं वळखलं." इथे मी ते लिहीत नाही. फ्लेक्सवर लिहिलं तेवढं पुरे.

समिती आली. ग्रंथालयात पाच-सात मिनिटं होती. एका सदस्यानं आग विझवायच्या यंत्रावरची तारीख वाचली, दुसऱ्यानं बारकोडचं यंत्र चालवून दाखवा म्हटलं, ते चाललं नाही. तिसऱ्या सदस्य एक बाई होत्या, त्यांनी सरांच्या वह्यांकडे थोडं वाकून पाहिलं, "छान," म्हणाल्या आणि पाणी मागितलं. मी थंड पाणी दिलं.

अकरावी वही मी समिती गेल्यावर परत आणली. मुकाट दाखल केली, क्रमांक घातला आणि लोखंडी कपाटात ठेवली. नोंदीपुढे लिहिलं, 'पाहण्यास देऊ नये.' कारण लिहिलं नाही. माझ्यानंतर येणारा पाळेल की नाही, मला माहीत नाही. नियमानं त्याला कारण विचारायचा हक्क आहे.

फ्लेक्स महिनाभर गेटवर राहिलं. उन्हानं रंग उडाला, एक कोपरा सुटून फडफडायला लागला. एक दिवस मावशी वर आली. तिचे गुडघे फारच गेले होते, मुलानं खापरखेड्याला आपल्याकडे बोलावलं होतं, तो तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे आहे. पुढच्या महिन्यापासून ती बसायला येणार नव्हती.

"मॅडम, ते बाहेरचं फेकणार असाल तं मले द्या."

"आठवण म्हणून?"

"आठवण काय करता. पोराच्या घरी सैपाकाच्या खोलीवर टिन हाय, गळते. हे प्लास्टिक मजबूत दिसून राह्यलं."

मी शिपायाला सांगून ते उतरवलं. आम्ही दोघींनी जिन्याखाली त्याची घडी घातली, तिच्या चेहऱ्यावरून मधोमध घडी पडली. तिची काही हरकत नव्हती. "तोंड वर करून टाकू का खाली?" तिनं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"खाली करते. वरून कावळे हगतील." ती हसायला लागली, आणि मलाही हसू आवरेना. शिपाई बघत राहिला. बऱ्याच महिन्यांत मी त्या इमारतीत अशी हसले नव्हते.

पावसाळ्यात तिच्या मुलाच्या फोनवर मी फोन केला. ती बरी होती. नातीला शाळेत सोडते म्हणाली, बाकी बसूनच राह्यते. मी विचारलं, गळणं थांबलं का.

"थांबलं," ती म्हणाली. "कोपऱ्यातून येते जरासं. तिथं डबा ठेवला."

फोन ठेवला. शासनाच्या यादीतल्या त्या दोन खोक्यांतली पुस्तकं अजून दाखल व्हायची होती. मी पहिलं खोकं ओढलं.