टीव्हीला चिकटून काढलेला फोटो
अर्जदार : मी, अर्जलेखक, राजुरा. वार : मंगळवार. साक्षीदार : अंथरुणास खिळलेले एक खाणकामगार व त्यांच्या पत्नी.

अर्जासाठी फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरांचे नाव मी मुद्दाम नमूद करीत नाही. कोणाच्याही घरी कॅमेरा उघडण्यापूर्वी ते टीव्ही बंद करवितात. “आधी याले झोपवा. नाईतर सारेच तिकडं पाह्यतेत,” असे बजावतात.

सदर खाणकामगारांच्या पेन्शनच्या अर्जासाठी फोटोग्राफर व मी त्यांच्या घरी गेलो असता, टीव्ही बंद करूनही रुग्णाची नजर कॅमेऱ्याकडे वळेना. पत्नी म्हणाल्या, “भाऊ, ते टीव्हीच पाह्यतेत. माह्याकडंबी पाहत नाई.”

तेव्हा फोटोग्राफरांनी स्वतः टीव्ही लावला, त्याला चिकटून उभे राहिले व फोटो घेतला. रुग्ण त्यात सरळ समोर पाहून हसले आहेत.

फोटो हाती येताच पत्नी म्हणाल्या, “आता मले पाहून राह्यले.”

चेहरा हसरा असल्याच्या कारणावरून पेन्शन कार्यालयाने तो फोटो परत केला आहे. तरी हाच फोटो ग्राह्य धरून तसे लेखी कळवावे. दुसरा काढू देण्यास पत्नी तयार नाहीत.