उपसलेली विहीर

गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, की ओल्या मातीच्या वासानं माझ्या अंगावर काटा येतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. रेणापूरकडच्या आमच्या गावात दुष्काळ होता. आम्ही बौद्ध, विहिरीला आम्ही शिवायचं नाही. पाटलीणबाई आमच्या घागरीत वरून पाणी ओतायच्या. त्या दुपारी त्या आल्याच नाहीत, म्हणून आईनं स्वतः पोहरा सोडला.

ते कुणीतरी पाहिलं. घराघरांतून माणसं मुकाट आली आणि टँकरनं विहिरीत सोडलेलं सगळं पाणी, विहीर शुद्ध करायची म्हणून, उपसून मातीत ओतू लागली.

"बाई, तुमची बी लेकरं तान्हेलीच हायती की," आई पोहरा ओढणाऱ्या पाटलीणबाईंना म्हणाली.

पोहरे खाली-वर होतच राहिले.

तेव्हा मी आमच्या रिकाम्या घागरीसाठी रडले. आता दिसतात त्या पाटलीणबाई. शेवटचा पोहरा मातीत ओतताना त्यांनी फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली होती.