रायफलीवरची छोटी दुर्बीण

ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं, त्या वर्षीची गोष्ट. लॅबमधली माझी साठीची मैत्रीण आमच्या कॅरी गावापासून तासाभरावर, स्वतःच्या जमिनीवर एकटी राहायची. तिचा नवरा गेल्यापासून त्याची रायफल तशीच पडून होती. "हरणांच्या सीझनला ये माझ्याबरोबर," ती म्हणाली. मी कोर्स केला, लायसन्स काढलं, तिच्या माळावर नेम धरायला शिकले. पण रायफलीवरच्या जुन्या स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, काचेत आतून धुकं धरलं होतं. नवा घ्यायला हवा होता.

मी नवऱ्याला घेऊन दुकानात गेले. प्रश्न मी विचारायचे आणि काउंटरमागचा माणूस उत्तर त्याला द्यायचा.

"शिकार ती करणार आहे," नवऱ्याने सांगून पाहिलं. काही फरक पडला नाही.

त्या माणसाने हातभर लांबीचा स्कोप काढला. "चोवीस पट मोठं दिसतं. बायकांना सोपं जातं."

"दारात नेऊन बघते," मी म्हटलं.

"इथूनच बघा ना."

"हरीण तुमच्या ट्यूबलाइटखाली येणार नाही."

तो नाखुशीनेच माझ्यामागे आला. दिवस मावळत होता. पार्किंगपलीकडे पाइनची दाट झाडी. मोठ्या स्कोपमधून नुसती झाडाची साल दिसली, तीही माझ्या श्वासाबरोबर हलणारी. ते झाड कुठलं, हेही कळेना. मग मी कपाटातला एक छोटा मागितला, दोनपासून सातपटीपर्यंतचा. डोळ्याला लावताच अख्खं झाड, शेजारचं झुडूप, मधली वाट दिसली. अंधारून आलं होतं तरी फांद्या वेगळ्या ओळखू येत होत्या. चष्म्यापासून चार बोटं लांब धरला तरी चित्र पूर्ण दिसत होतं, म्हणजे गोळी सुटतानाच्या धक्क्याने भुवई फुटायची भीती नव्हती.

"हा नवशिक्यांचा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बदलायला याल."

"नाही येणार. मैत्रिणीच्या रानात हरीण जवळूनच दिसतं, आणि क्षणभरच. मला ते आधी सापडायला हवं."

नवरा हळूच मराठीत म्हणाला, "यार, एवढा शहाणा माणूस सांगतोय..."

"त्याने ते रान पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

छोटाच घेतला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी झुडपांतून हरणाचा नर बाहेर आला, थबकला. रायफल खांद्याला लावली तर तो समोरच होता, शोधावं लागलं नाही. त्याचा खांदा मोकळा दिसेपर्यंत थांबले आणि चाप ओढला. दोन उड्या मारून तो पडला. मला रडू आलं. मैत्रिणीने सुरी पुढे केली. मी घेतली आणि ती सांगेल तसं सोलण्या-कापण्याचं सगळं शेवटपर्यंत माझ्याच हाताने केलं.

बातमी इथल्या मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. नोव्हेंबरअखेरीला ठेवलेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "आपल्याकडच्या बायका असलं करत नाहीत गं."

"आता करतात, काकू."

नंतर दोन घरांतली बोलावणी बंद झाली. नवऱ्याला ते लागलं. एकदा त्याने विचारलंही, शिकार सोडून देशील का म्हणून. मी नाही म्हटलं. ज्यांना चालत होतं, ते घरी येऊन हरणाचा रस्सा ओरपून गेले, आणि पुढच्या नोव्हेंबरात मी पुन्हा त्या रानात बसले होते.