कसंतीनाची पाहुणी

वाळवंटापलीकडच्या सपाट झिंदर गावातून शिकायला आलेल्या सादातूला कसंतीना शहराने पहिल्याच दिवशी भोवळ आणली. घरं कड्यावर, कड्याखाली दरी आणि दरीवर झुलता पूल. मधोमध पूल डुलला तेव्हा तिने शेजारून चाललेल्या एका अनोळखी म्हातारीचा हात घट्ट धरला आणि भीतीने खदाखदा हसत सुटली. म्हातारीने तिला पलीकडे तर नेलंच, वर घरी नेऊन जेवायला घातलं. ती भोवळ पुढे कधी उतरलीच नाही. पाच वर्षं झाली तरी पोरगी या शहरावर खुळी होती.

आणि विद्यापीठावर तर त्याहून. तिथे रोज नवं नाटक. आज संपवाली मुलं फाटकाला साखळी घालायची, उद्या तीच मुलं ती साखळी काढून पेपर द्यायला धावायची. सर अरबीत शिकवायला लागणार, फ्रेंचमध्ये रागावणार आणि विनोद मात्र गल्लीतल्या बोलीत करणार. मुलींच्या वसतिगृहात खानावळीची रांग लागली की भांडणं अशी रंगायची की जेवण राहिलं तरी चालेल.

"तुझी पिशवी उभी होती रांगेत, तू नव्हतीस!"

"माझी पिशवी म्हणजे मीच!"

सादातू कडेला उभी राहून मनापासून ऐकायची. या भांडणात एकदा तरी कोणी आपल्याला ओढावं, असं तिला फार वाटे.

पण ओढतंय कोण! ती पाहुणी ना. ती दिसली की रांग दुभंगायची. "सादातूला पुढे जाऊ द्या गं, परमुलखातली पोर आहे." खानावळीची मुख्य स्वयंपाकीण फत्तूम मावशी इतरांना अशा शिव्या हासडायची की पातेल्यांचे तळ आपोआप सुटावेत. तीही सादातूच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढून गोड हसायची. खोलीतली मैत्रीण रतीबा सगळ्या मजल्याशी भांडून बसली होती, पण सादातूशी कधीच नाही. "तुझ्याशी कसं भांडू? तू पाहुणी." पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं मराठीत म्हणतात. आम्हा कसंतीनाच्या लोकांना ही म्हण कोणी सांगितलीच नव्हती. पाच वर्षं पाहुणचार खाऊन सादातू अगदी मेटाकुटीला आली होती.

शेवटी तिच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. तिचा विषय होता वाळवंटाखालचं पाणी. आमच्याकडे ही परीक्षा म्हणजे अर्धं लग्नच. तिघे परीक्षक ऐकतात, प्रश्न विचारतात, बाहेर जाऊन खलबत करतात आणि परत येऊन निकाल सांगतात. निकाल लागला रे लागला की आया-मावश्या जीभ थरथरवत ती लांबलचक किलकारी फोडतात, तिला झगारीत म्हणतात. मग मिठाईवर धाड. 'सभागृहात मिठाई आणण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी दारावर आहे, आणि तिच्याच खिळ्याला प्रत्येक आई आपली मिठाईची पिशवी अडकवते.

सादातूची आई, मावश्या सगळ्या वाळवंटापलीकडे. इथे बोलावलं असतं तर सगळं वसतिगृह लोटलं असतं, हे ती जाणून होती. पण त्या येतील पाहुणीचं मन राखायला. "बिचारीचं इथे कोणी नाही, चला गं." ती कीव तिला नको होती. झगारीत हवी तर आपल्या माणसांची. नसतील तर रिकाम्या खुर्च्या बऱ्या. तिने तारखेचा शब्दही तोंडातून काढला नाही आणि सकाळी रतीबाला सांगितलं, "लायब्ररीत जाते."

सभागृहात खरोखरच रिकाम्या खुर्च्या होत्या. अध्यक्ष होते प्रोफेसर बेलअत्तार. भर परीक्षेत फोन वाजला म्हणून यांनी एकदा विद्यार्थिनीच्या होणाऱ्या नवऱ्याला बाहेर काढलं होतं. सादातूने पाण्याचा घोट घेतला, तोंड उघडलं, आणि दार धाडकन भिंतीवर आपटलं.

दारात फत्तूम मावशी. अंगावर खानावळीचा एप्रन, मागे रतीबा आणि मागे अख्खा मजला.

"कार्टे!" मावशी गरजली. "पाच वर्षं माझ्या हातचं गिळलंस आणि मला तारीख सांगत नाहीस? मला ती शिपायाच्या बायकोकडून कळावी? लाज आहे का? आटप तुझं ते पाणीबिणी, मग बघते तुझ्याकडे!"

"आणि मीसुद्धा!" रतीबा तिच्या खांद्यावरून ओरडली. "खोटारडी! म्हणे लायब्ररी!"

सादातूच्या अंगावर आनंदाने काटा आला. भर सभेत, परीक्षकांसमोर, तिची हजेरी घेतली जात होती. इतकं सुख तिला या शहरात आजवर कोणी दिलं नव्हतं.

"बाई, इथे परीक्षा चालू आहे," प्रोफेसर म्हणाले.

"घ्या की! मी काय हात धरलाय तुमचा?" म्हणत मावशी पहिल्या रांगेत बसली. मुलींनी लॅपटॉपच्या पिशव्या खुर्च्यांखाली सरकवल्या. त्यांतून मध आणि अक्रोडांचा वास सुटला.

सादातू बोलली ती धबधब्यासारखी. प्रश्नांना उत्तरं देताना तिला मधूनच हसू फुटत होतं. प्रश्न संपले. तिघे परीक्षक एकमेकांच्या कानाशी पुटपुटले आणि निकाल ठरवायला एकदम उठले.

इथे घोळ झाला. फत्तूम मावशीने परीक्षा जन्मात पाहिली नव्हती. तिने पाहिल्या होत्या सोयरिकी. तीन पोक्त पुरुष गंभीर चेहऱ्याने पुटपुटून एकदम उठले, म्हणजे सोयरीक पक्की करणारी फातिहाची प्रार्थना झाली आणि लग्न ठरलं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही कळतं. मावशीने मान मागे टाकली आणि झगारीत फोडली.

एकीने फोडल्यावर दुसरीने गप्प बसायची आमच्याकडे सोय नाही. सगळ्या मुली सुटल्या. शेजारच्या सभागृहात दुसऱ्याच कुणाची परीक्षा ऐन रंगात होती, तिथल्या मावश्यांनी भिंतीपलीकडून साथ दिली. व्हरांड्यातून लोक अभिनंदन करत आत घुसले. एका कारकुनाने सादातूला डोळे पुसत विचारलं, "पोरी, किती गुण?"

"अजून दिलेच नाहीत हो!"

बाहेर गेलेले प्रोफेसर बेलअत्तार गर्दीतून वाट काढत परत आले. कान लालबुंद. "माझ्याआधी निकाल कोणी लावला?"

"मी," मावशी म्हणाली. "आता तोंडातून गेली ती गेली. झगारीत परत गिळली तर अपशकुन होतो. तुम्हीच तेवढे गुण तिला जुळतील असे द्या."

मागचे दोघे परीक्षक छताकडे बघायला लागले. प्रोफेसरांनी टेबलावर हात आपटला. "यापुढे पाहुण्यांपैकी एकीनेही आवाज केला, तर निकाल पुढच्या आठवड्यात!"

तिघे पुन्हा बाहेर गेले. परत आले. प्रोफेसरांनी चष्मा लावून वाचलं. सर्वोच्च श्रेणी, परीक्षक मंडळाच्या खास अभिनंदनासह.

कोणी हूं की चूं केलं नाही. मावशीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. रतीबाने मावशीच्या एप्रनचा बोळा दातांत धरला होता. मजल्यावरच्या मुली गाल फुगवून, लाल होऊन, नुसत्या थरथरत होत्या. सादातू त्यांच्याकडे बघत राहिली. कीव करणाऱ्या माणसाला गप्प बसायला इतका त्रास होत नाही.

स्वतःसाठी स्वतः किलकारी फोडणारी मुलगी झिंदरमध्ये नाही आणि कसंतीनातही नाही. सादातूने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि फोडली. झिंदरची किलकारी, खोल आणि लांब. खिडकीवरची कबुतरं उडाली.

प्रोफेसरांचा चष्मा नाकावरून घसरला. "मी काय बजावलं होतं? पाहुण्यांनी..."

"सर, पाहुण्या त्या समोर बसल्यात," सादातू म्हणाली. "मी इथलीच."

फत्तूम मावशीने तोंडावरचे हात काढले.

"ऐकलंत ना? आमचीच आहे मेली! म्हणून तर इतकी निर्लज्ज!"